शिवंपारचा कोंबडा

“तुहा कोंबडा म्हंजे गावाचा जावाई हाय का रे? त्याला कोनी हातच लावायचा न्हाई?” रखमाजी आमच्या अंगनात उभा राहून वरडला.

“जावाई असता तर तुमच्याच घरी जेवायला धाडला असता,” मी म्हनलो. “लावून बघा हात. मंग सांगतो.”

“काय सांगतो? काय सांगतो तू?”

मी दाराआडची काठी उचलली. माय चुलीपासून पळत आली, पीठ भरल्या हातानंच माहं मनगट धरलं.

“भुजंग, ठेव ती. वडीलधारं मानूस हाय ते.”

“वडीलधारं हाय तर वडीलधाऱ्यावानी बोलावं की. सकाळी सकाळी दारात येऊन कोंबडा मागतंय, जसा काय उसना दिल्ता.”

“गोजरबाई,” रखमाजी मायला म्हनला, माह्याकडं बघितलं बी न्हाई, “पोराला समजव. मरीआयच्या ठान्याला दिवा लावायचं काम आमच्या घरात बापजाद्यापासून हाय. मी काय माह्या पोटासाठी मागून राह्यलो का? गावावरून ओवाळून शिवंपार सोडायला पाखरू पाहिजे. बिगर खोटीचं, नर, तुरा धड असलेलं. साऱ्या गावात आता तसं येकच राह्यलंय. ते तुमच्या माळवदावर हाय.”

ते खरं होतं. माहा कोंबडा, जमादार, माळवदावर पायाला सुतळी बांधून बसल्ता, आन खाली काय चाललंय ते मान तिरपी करून बघत होता. मी त्याला अंड्यातून निघाल्यापासून पाळलेला. छाती काढून, येकेक पाय मोजून टाकायचा, निजामाच्या कचेरीतल्या जमादारावानी, म्हनून ते नाव. मी सातवीत मास्तरच्या पायाशी पाटी फोडून घरी आलो ते परत शाळंत गेलो न्हाई. तव्हापासून दिवसभर माह्यासंगं हिंडनारा तोच. शेतात माह्या मागं, विहिरीवर माह्या मागं. रात्री माह्या बाजंखाली. दिवाळीपासून तेवढा माळवदावर बांधलेला.

“आन येक सांग मला,” रखमाजी आता माह्याकडं वळला. आवाज खाली आल्ता. तो वरडत होता तव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, पन आता वाटलं. “साऱ्या गावाच्या कोंबड्या गेल्या. तुहा येकटाच काहून राह्यला? आन पहाटं तो बांग देतो तव्हा त्याला शिवंवरून जवाब कोन देतं?”

मी काठी खाली केली. कारन तो जवाब मी बी ऐकल्ता.

* * *

शिमगा झाला आन आमच्या गावात मानमोडी सुरू झाली. आमचं गाव राजूरच्या अलीकडं, नाल्याच्या काठाला. कोंबडी नव्हती असं घर नव्हतं, येक मारवाड्याचं सोडून.

पयल्यांदा बद्रीनाथच्या घरी. कोंबडी येकटी कोपऱ्यात उभी राहायची, पिसं फुगवून, थंडीत घोंगडं घेतल्यावानी. डोळे मिटलेले. चोचीतून चिकट तार लोंबायची. श्वास घेतला की रिकाम्या बाटलीत कोनी फुंकून राह्यलंय असा आवाज. हिरवं हगायची. ज्या तेवढ्यात मरायच्या त्या बऱ्या. ज्या मरत नव्हत्या त्यांची मान वळायची. हळूहळू वळत वळत टाळू खाली आन चोच वर.

आमची टिपकी तशी झाल्ती. माय तिच्यासाठी पान्याची वाटी घेऊन बसली होती. टिपकी उकिरड्याकून आली, पन उलटी चालत आली. डोळे आभाळाकडं, पाय मागं मागं. सगळं अंगन तशीच आली, भिंतीला टेकली, आन टेकल्यावर बी पाय चालूच. भिंत काही मागं सरकंना, आन ती काही थांबंना.

“कोनीतरी वढून राह्यलंय हिला,” माय म्हनली, आन वाटी तिथंच सोडून घरात गेली.

मंग बांग बंद झाली. ऐकनाराला वाटल, बांग न्हाई तर काय बिघडलं? बिघडलं. पहाटंच्या वेळी साऱ्या गावाचे डोळे उघडायचे आन मानसं अंथरुनातच पडून राहायची, कशाची तरी वाट बघत. जातं उशिरा सुरू व्हायचं. बैल सुद्धा कान टवकारून उभे राहायचे. लोकांनी मेलेल्या कोंबड्या कोरड्या नाल्यात टाकल्त्या. कावळे काठावर रांगेनं येऊन बसायचे, खाली बघायचे, आन उतरायचे न्हाई.

ढोरांचा डाक्टर भोकरदनहून सायकलवर आल्ता. नाकाला रुमाल बांधून त्यानं येक मेलेली कोंबडी काडीनं उलटीपालटी केली. म्हनला, “लागट रोग हाय. हाताला, पायाला, दान्यापान्याला लागून ह्या घरातून त्या घरात जातो. मेलेल्या खोल पुरा, वरून चुना टाका. येक बी पाखरू गावातून बाहिर न्हेऊ नका, बाहिरचं आत आनू नका. जालन्याहून लस आली की चांगल्या असतील त्यांना टोचायला येतो.”

तो गेल्यावर रखमाजी म्हनला, “बैलाचा डाक्टर. कोंबडीतलं त्याला काय कळतं? बैलाला कव्हा मान मोडून उलटं चालताना बघितलं का त्यानं?” लोक हसले. चुना कोनीच आनला न्हाई.

मी मात्र लस येती का म्हनून रोज रस्त्याकडं बघत होतो.

जमादार पहाटं बांग द्यायचा. साऱ्या गावात येकटाच. आन थोडं थांबून, नाल्याच्या अंगानं, शिवंकून, दुसरी बांग यायची. सुरुवात बराबर असायची, आन शेवट मोडायचा. कोनी तोंड दाबल्यावानी. तिकडं घर न्हाई, वस्ती न्हाई, कोंबडा तर बिलकुल न्हाई. माय कानावर पदर वढायची. जमादार मात्र मान लांब करून तिकडंच बघायचा, आन परत बांग द्यायचा. परत तिकडून जवाब.

दोनचार पहाटा झाल्यावर सारा गाव तेच ऐकायला जागा राहायचा.

* * *

तर रखमाजी त्यावरच बोट ठेवून उभा होता.

“त्याला बलावनं चालू हाय,” तो म्हनला. “मरीआयला तोच पाहिजे. तू धरून ठेवशील तेवढं गावावर येईल. माही नात तापानं फनफनून राह्यली, तुला माहित हाय का? आज कोंबड्या गेल्या. उद्या?”

त्याच्या डोळ्याला पानी आल्तं. ते बघून मला आनखीच राग आला. वरडनाऱ्या मानसाशी भांडता येतं, अशाशी काय भांडनार?

माय म्हनली, “पुढल्या मंगळवारपतूर थांबा, दाजी. पोराचा जीव हाय त्याच्यावर. मी समजावते.”

“मंगळवारी दिवेलागनीला,” रखमाजी म्हनला. “ज्याचं पाखरू त्यानंच डोक्यावर न्ह्यायचं. डालग्यात, वरून फडकं. येकदा फडकं टाकलं की कोनी उचलायचं न्हाई, त्याचं तोंड बघायचं न्हाई. आम्ही शिवंवर पाठ फिरवनार, मंग तू सोडायचा. सोडला की तू बी मागं बघायचं न्हाई. रीत माहित हाय ना?”

“माहित हाय,” मी म्हनलो. “आन पल्याडच्या गावानं काय करायचं? त्यांच्या कोंबड्या काय लाकडाच्या हायेत?”

“त्यांनी बी त्यांच्या पुढं लोटायचं. असंच चालत आलंय.”

तो गेल्यावर माय परत चुलीपाशी बसली. मंग म्हनली, “दे रे बाबा. मी मामाकून पिल्लं आननार हाय, त्यातलं तुला पाहिजे ते घे.”

“मी मेलो तर मामाकून पोरगं आनशील का?”

तिनं लाटनं फेकून मारलं. लागलं न्हाई.

* * *

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या टायमाला मी नाल्यात उतरलो. जमादारनं माळवदावरून बांग दिली आन मी कान लावून उभा राह्यलो. जवाब आला. मी तिकडं चाललो. पायाखाली पिसं होती, वाळूत रुतलेली, आन वारा नसताना हालत होती. किडे होते खालून. मला ते कळत होतं, तरी मी बघितलं न्हाई.

आवाज मूलचंद शेठच्या जुन्या वखारीतून येत होता. शिवंला लागूनच हाय ती. शेठ होता तव्हा तिच्यात कापूस भरायचा. रझाकारांच्या गडबडीत बंद पडली ती बंदच. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. मी कडी काढली.

आत भिंतीला, तुळयांना, जाळ्यांना जुना कापूस चिकटलेला. कुठूनतरी फटीतून उजेड येत होता. मधोमध येक कोंबडा गोल गोल फिरत होता. उलटा. पाय मागं मागं, मान पार मुरगळून पाठीवर पडलेली, चोच छताकडं. अंगाला कापूस चिकटून तो धड कोंबडा दिसत नव्हता, धड काही दिसत नव्हता. फिरता फिरता तो थांबला. येक डोळा माह्याकडं आला. वरचा डोळा. मंग त्यानं बांग दिली, छताकडं तोंड करून, आन ती गळ्यात जिथं मुरगळा होता तिथं मोडली.

मला भ्या वाटलं की राग येतो, तसा आला. मी जाऊन त्याला दोन्ही हातांनी उचलला. हलका होता, रिकाम्या खोक्यावानी. चोचीतली तार माह्या तळव्यावर आली. तुऱ्यावर वाळलेलं कुंकू होतं. पायात काळा दोरा, दोऱ्यात हिरव्या बांगडीचा तुकडा.

ओवाळलेला होता. कोन्यातरी गावानं त्यांची मानमोडी ह्याच्यावर घालून आमच्या शिवंत सोडल्ता. असा दिसला की हात न लावता काठीनं पुढच्या शिवंकडं हाकलायचा असतो. ह्याला कोनीतरी आत आनून ठेवल्ता.

“कोन हाय रे आत?”

दारात लाडबाई शेठानी उभी होती. मूलचंद शेठची बायको. शेठ गेल्यापासून नातवाजवळ, गोपीकिशनजवळ राहती, दुकानाच्या मागच्या घरात. आम्ही लहानपनापासून तिला बघतो ते पितळंची ताटली हातात घेतलेली. रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर ती पाखरांना ज्वारी टाकती. जैनाची बाई, दाना टाकल्याबिगर पानी पीत न्हाई. चिमन्या यायच्या, व्हले यायचे, आन साऱ्या गावाच्या कोंबड्या यायच्या. आता बी ताटली होती हातात, आन तांब्या.

“शेठानी, तुम्ही?”

“भुजंग हाय होय? खाली ठेव बेटा त्याला. त्याची मान दुखती.” ती आत आली, खाली बसली. “पोरं दगड मारत होती याला नाल्यात. मी पदरात घालून आनला. आता पानी पितो, बघ.”

तिनं बोट तांब्यात बुडवलं आन त्याच्या उलट्या चोचीत थेंब सोडला. मंग दुसरा. ताटलीतली ज्वारी येकेक दाना करून भरवली. अर्ध्याच्या वर दाने त्याच्या तोंडातून परत ताटलीत पडत होते, तारंसगट. ती ते गोळा करून परत भरवत होती. पदराला हात पुसत होती.

“शेठानी, हा ओवाळलेला हाय.”

“माहित हाय मला. दोरा दिसतो की. तुमच्यात सोडून देतात. आमच्यात जीव असा सोडत न्हाईत, रे. पाप लागतं.”

“कव्हा आनला?”

“शिमग्याच्या आधी.”

“आन रोज येता?”

“रोज. ह्याला चारून मंग ओट्यावर जाती. उरलेला दाना तिकडं टाकती, वाया कशाला घालवायचा?”

मी तिच्याकडं बघतच राह्यलो. तीच ताटली. तेच दाने. मला येकदम सारा ओटा डोळ्यापुढं दिसला, बद्रीनाथच्या कोंबड्या पयल्या, कारन त्याचं घर ओट्याला लागून. मंग त्याच्या पल्याडची घरं. मंग आमची टिपकी. आन जमादार? जमादारनं दिवाळीत शेठानीच्या पायाला चोच मारल्ती, रगत काढल्तं. गोपीकिशननं आमच्या घरी येऊन शिव्या दिल्त्या, तव्हापासून तो माळवदावर बांधलेला. ओट्यावर गेलाच न्हाई.

“तुम्ही मारलं,” मी वरडलो. “सगळ्या गावाच्या कोंबड्या तुम्ही मारल्या!”

“मी?” ती हसलीच. तिला वाटलं मी गंमत करून राह्यलो. “मी मुंगीवर पाय देत न्हाई, बेटा.”

“ही ताटली! ह्याचं उष्टं तिकडं टाकता! डाक्टर काय म्हनला, दान्यापान्याला लागून जातो म्हनला न्हाई का? तुम्ही रोज सकाळी घरपोच दिला!”

ती ताटलीकडं बघायला लागली. कोंबडा तिच्या मांडीवरून उतरला आन परत गोल गोल फिरायला लागला, उलटा. त्याच्या नखाचा आवाज तेवढा येत होता.

“मी दाना घातला,” ती म्हनली. “दान्यानं मरतंय का कोनी?”

मंग तिनं ताटली उपडी केली. दाने मातीत पडले आन तिनं ते मातीतच तळव्यानं दाबले. मला अजून बोलायचं होतं, लई बोलायचं होतं. मी दार आपटून निघालो.

घरी आलो तो डोकं फिरलेलंच. सरळ माळवदावर गेलो. जमादार माहं पाऊल ओळखून उठला. मी मूठभर बाजरी घेतली, तळव्यावर धरली, त्यानं तळव्यावरूनच खाल्ली. त्याला काखंत घेऊन लई वेळ बसलो. “कुठं जाऊ देत न्हाई तुला,” म्हनलो.

* * *

आता तुम्ही म्हनाल, मंग गावात सांगायचं होतं. शिवंवर कोनी मरीआय बांग देत न्हाई, मारवाडनीचा कोंबडा देतो. मी गेल्तो बी सांगायला. रखमाजी ठान्यापुढं दिव्याची वात वळत बसल्ता. मांडीवर नात. तिचे डोळे अर्धे उघडे, आन श्वासाचा आवाज येत होता.

“रखमाजी काका, हे देवीचं न्हाई. दान्यातून आलंय.”

“कोनाच्या दान्यातून?”

त्यानं वर बघितलं. कसं बघितलं ते मला सांगता येनार न्हाई. त्याला नाव पाहिजे होतं. येक नाव दिलं असतं तर मानूस उठून तिथंच चालायला लागला असता, आन वाटंत येकेक घर त्याच्या मागं. म्हातारी रंडकी बाई, येकटी, बंद वखारीत रोज पहाटं जाती, ओवाळलेल्या पाखराला मांडीवर घेती. तिला गावात काय म्हनतात ते मला माहित हाय. असल्या बाईचं काय करतात ते बी आयकलंय.

“कोनाच्या?” त्यानं परत इचारलं.

“कोनाच्या न्हाई. डाक्टर म्हनत होता तेच म्हनलो.”

“मंगळवारी ये,” तो म्हनला, आन वात वळू लागला. “पाखरू घेऊन ये.”

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दाना पडला न्हाई. गोपीकिशन दुकानात सांगून राह्यल्ता, आजीनं नेम घेतलाय, वखारीत राहून जप करायचा, कोनाला भेटायचं न्हाई, बाहिर पाऊल टाकायचं न्हाई. त्याला तेवढंच माहित. भाकरी, पानी दाराबाहिर ठेवून तो परत यायचा. मला तेवढ्यावरून कळलं. तिनं स्वतःलाच आत कोंडून घेतलं होतं. हात, पाय, पदर, सगळ्यासगट. गावात कोनी शंका बी घेतली न्हाई. मारवाड्याच्या बाया नेम घेतच असतात.

येकदा मी लांबूनच इचारलं, “शेठानी, कसा हाय?”

आतून आवाज आला, “आज भिंतीला धडकला न्हाई. तू जवळ नको येऊ, बेटा. तुहा कोंबडा चांगला हाय ना?”

“चांगला हाय.”

“त्याला जप.”

तव्हा चांगलाच होता.

* * *

आज मंगळवार. पहाटं मी जागाच होतो. शिवंवरून बांग आली. ह्या वेळी पयली तिकडून आली. आमच्या माळवदावरून काहीच न्हाई.

मी उठलो न्हाई लगीच. पडून राह्यलो. साऱ्या गावासारखाच, वाट बघत. मंग वर गेलो. जमादार कोपऱ्यात उभा होता, पिसं फुगवून. माहं पाऊल वाजलं तरी डोळे उघडले न्हाईत. जवळ गेलो तर तो आवाज. रिकाम्या बाटलीचा.

माळवदावर कोन गेल्तं? कोनी न्हाई. दाना कोनी दिला? मीच. पानी मीच. मी माह्या हाताकडं बघितलं. तळवा उघडा केला आन बघतच बसलो, शेठानी ताटलीकडं बघत होती तशी. तिला मी काय काय म्हनलो होतो, ते सगळं मला आता कोनीतरी म्हनायला पाहिजे होतं, पन तिथं कोनी नव्हतं.

दुपारपतूर मान वळायला लागली. लई न्हाई. थोडी. कोनाला वाटल, वर घार हाय का बघून राह्यलाय.

आता बघा. खोट असलेलं पाखरू चालत न्हाई. मी रखमाजीला सांगितलं की जमादार आजारी हाय, तर तो न्हेनार न्हाई. पन मंग त्याला शेवटचं पाखरू बी गेलं म्हनून कळल, आन तो परत इचारल, कोनाच्या दान्यातून. आन न सांगता दिला, तर पल्याडच्या गावात ह्याच्या मागं सगळं तेच. कोन्यातरी माळवदावर, कोन्यातरी पोराचा.

दिवस कलला तशी माय कुंकू घेऊन वर आली. डालगं आनलं, फडकं आनलं. तिनं जमादारला धरून तुऱ्याला बोट लावलं आन बोट तिथंच थांबलं. तिनं टिपकीला बघितलेलं. तिला काय सांगायचं?

ती माह्याकडं बघून राह्यली. मी म्हनलो, “माय...”

“गप.”

तिनं त्याला डालग्यात ठेवलं, उलटं न्हाई, नीट, बाळाला ठेवतात तसं. वरून फडकं टाकलं, चारी कोपरे खोचले. येकदा फडकं टाकलं की कोनी उचलायचं न्हाई.

“सोडनार हायस का शिवंवर?” तिनं हळूच इचारलं.

“न्हाई. ते पाठ फिरवतील तव्हा नाल्यानं वखारीकडं जातो.”

मला वाटलं ती इचारल, वखारीत काय हाय. इचारलं न्हाई. काय माहित तिला कितपत माहित होतं. बायांना येकमेकीचं कळतं.

“किती दिवस?”

“तो राह्यला तर लई दिवस. न्हाई राह्यला तर पुरून, चुना टाकून, डाक्टर लस घेऊन येईल तव्हा येतो. तोवर मामाकून पिल्लं आनू नको. घरात माहं काही वापरू नको. बाज उन्हात टाक.”

तिनं मान हालवली. मंग ज्या बोटाला कुंकू होतं ते बोट पदरात धरून उभी राह्यली, जसं काय भाजलंय.

“न्हे सावकाश,” म्हनली.

खाली डफडं आलंय. सारं गाव अंगनात आन कोनी बोलत न्हाई, नुसतं डफडं. मशालीच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे येकसारखे दिसून राह्यलेत, सगळ्यांच्या माना वर, माळवदाकडं. रखमाजी पुढं हाय, खांद्यावर नात, ती झोपलीय की काय कळत न्हाई. डालग्यात आवाज वाढलाय. डफड्यात आयकू येत न्हाई तवर बरं हाय.

मी डोक्यावर घेतलंय. वजन नेहमीपेक्षा कमी लागतंय. फडक्याखाली तो उलटा उलटा सरकून राह्यलाय, मला टाळूवर कळतंय, आन कडंला येऊन थांबलाय, आन थांबला तरी पाय चालूच हायेत.

रखमाजी हाक मारून राह्यला. मला आता निघावं लागतंय.